एफ फॉर्ममधला तो एक रकाना

इंटर्नशिपला गायनॅकमध्ये पोस्टिंग लागलं की पहिल्याच आठवड्यात जे काम गळ्यात पडतं ते म्हणजे एफ फॉर्म, गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा सरकारी फॉर्म, भरणं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर पंचवीस-तीस बायका बसलेल्या, आत रेसिडेंट घाईत, दारात मावशी ओरडतायत "एकेक या गं, एकेक", आणि आपण टेबलावर पेन घेऊन, नाव काय, वय काय, शेवटची पाळी कधी आली, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती मुली किती. मी असे शेकड्यांनी फॉर्म भरले असतील आणि खरं सांगतो, आधीच्या मुलांचा तो रकाना कशासाठी आहे हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मला वाटायचं आपलं उगाच विचारतात, बँकेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव विचारतात तसं. गर्दी असली की काहीतरी खरडायचं आणि पुढे, कधी विचारायचंच राहून जायचं आणि रकाना कोरा.

तर आज त्या रकान्याबद्दल लिहितोय, आणि त्या निमित्तानं डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींना गर्भलिंगनिदानाबद्दल काय माहीत असतं नि काय नसतं त्याबद्दलही. डॉक्टर नसलात तरी वाचा, नाणेफेक कळत असली की पुरे आहे.

माहीत काय असतं ते आधी. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा, व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा हमखास प्रश्न. "पीसीपीएनडीटी कायदा कधीचा?" "सर, १९९४." "शिक्षा?" "सर, ३ वर्षं कैद आणि १० हजार दंड." "ठीक, पुढचा." एवढ्यावर मार्क मिळतात. पीएसएमवाले (सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग) ठिकठिकाणच्या मेडिकल कॉलेजांत या विषयावर विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेत असतात आणि त्यातून चित्र साधारण सारखंच दिसतं, कायदा आहे नि लिंगनिदान गुन्हा आहे हे जवळपास सगळ्यांना माहीत, पण पुढे दोन प्रश्न विचारले की गळती सुरू. तक्रार कुणाकडे करायची? गरोदर बाईला शिक्षा होते का? फॉर्म अर्धवट भरला तर तो गुन्हा आहे का? गर्भपात कायदेशीर आहे की नाही? या शेवटच्या प्रश्नावर तर चांगले चांगले इंटर्न गडबडतात, त्याकडे खाली येतोच.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. लोक "सेक्स रेशो" एवढंच म्हणतात पण ते दोन-तीन वेगवेगळे आकडे आहेत. एकूण लोकसंख्येतलं प्रमाण वेगळं आणि ० ते ६ वयाच्या मुलामुलींचं प्रमाण वेगळं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११०० पेक्षा जास्त बायका निघाल्या, म्हणून काय कोकणात मुलींना डोक्यावर घेतात असं नाही, पुरुष मुंबईला कामाला गेलेत एवढंच. म्हणून लहान मुलांचा आकडा बघायचा, कारण तीन वर्षांचं पोरगं नोकरीला जात नाही. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. बीडमध्ये २००१ ला ८९४ आणि दहा वर्षांत थेट ८०७. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची होती ती झालीच नाही, त्यामुळे अजूनही भाषणांत हेच आकडे फिरतात. तिसरा आकडा म्हणजे जन्माच्या वेळचं प्रमाण, त्यात नंतरचे बालमृत्यू वगैरे मिसळत नाहीत, म्हणून लिंगनिवडीसाठी तो सगळ्यात स्वच्छ.

आता निसर्गाचं माप काय? पन्नास-पन्नास नाही. कुणीही काहीही ढवळाढवळ केली नाही तरी १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे १००० मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. त्यामुळे ९५० ला "बघा मुली कमी" म्हणून ओरडायचं कारण नाही, तिथून खाली जेवढं जाईल तेवढा माणसाचा हात.

इथे एक सावधगिरी, पेपरवाले नेहमी चुकतात ती. एखाद्या गावात वर्षाला २० बाळंतपणं झाली, १२ मुलगे ८ मुली. काढा प्रमाण, ६६७! लगेच बातमी, "अमुक गावात मुलींचा दुष्काळ". अहो, वीस वेळा नाणं उडवलं तर आठ किंवा त्याहून कमी छाप येणं हे दर तीन-चार खेपांत एकदा आपसूक होतं. गावाच्या, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, एका लेबर रूमच्या आकड्यावरून काही म्हणू नये. आणि एका घराच्या तर नाहीच नाही. जिल्ह्यात वर्षाला हजारो जन्म असतात, तिथे मात्र असा झुकाव आपोआप येत नाही.

दुसरा गैरसमज मला स्वतःला फायनल इयरपर्यंत होता. मला वाटायचं की लोक मुलगा होईपर्यंत थांबत नाहीत, म्हणून मुलगे जास्त होतात. करून बघा हिशोब. १०० जोडपी घ्या, सोयीसाठी शक्यता अर्धी अर्धी धरा. पहिल्या खेपेला ५० मुलगे, ५० मुली. मुलगावाले थांबले. मुलगीवाली ५० जोडपी पुढे गेली, त्यांना २५ मुलगे २५ मुली. बेरीज ७५ मुलगे, ७५ मुली. पुढे कितीही ताणा, बरोबरीच येते. म्हणजे "मुलगा होईपर्यंत" या हट्टानं बाईच्या शरीराचे हाल होतात, घरात चार मुलींच्या पाठीवर एक कुलदीपक होतो, साताऱ्याकडे 'नकोशी' अशी नावं ठेवलेल्या मुली होतात (२०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अशा दोनशेपेक्षा जास्त मुलींची नावं बदलली होती), पण एकूण प्रमाण बिघडत नाही. ते बिघडायला मध्ये कुणीतरी नाणं पडायच्या आत बघावं लागतं. आणि ते बघणारा आमच्याच जातीचा असतो, पांढऱ्या कोटाच्या.

मग पकडायचं कसं? नाण्याला आठवण नसते. आधी काटा आला की छाप आला याच्याशी पुढच्या फेकीचा काही संबंध नाही. तसंच पहिली मुलगी असली काय नि मुलगा असला काय, दुसऱ्या खेपेला मुलगी व्हायची शक्यता तेवढीच राहायला पाहिजे. आता आकडे बघा. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता भारतभरच्या जन्मांचा. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या बाळांमध्ये १००० मुलग्यांमागे १९९० ला ९०६ मुली होत्या, २००५ ला ८३६. पहिला मुलगा असलेल्या घरांत मात्र अशी घसरण नाही. म्हणजे नाण्याला आठवण फुटली होती, पण फक्त पहिली मुलगी असलेल्या घरांत! शिवाय ही घसरण अडाणी गरीब घरांत जास्त असेल असं वाटतं ना, तर उलट, दहावी नि त्यापुढे शिकलेल्या आयांच्या आणि पैसेवाल्या घरांत ती जास्त.

शिकलेले म्हणजे किती शिकलेले? नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात १९८० ते १९८५ दरम्यान शिकलेल्या डॉक्टरांच्या घरांचा एक अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. ९४६ कुटुंबं, नवरा-बायकोपैकी निदान एक जण डॉक्टर, मिळून १६२४ मुलं. त्यांच्यात प्रमाण निघालं ९०७. नागपूर शहरातल्या सर्वसाधारण लोकांचा हातचा राखून धरलेला अंदाज होता ९३५. आणि आधीचं मूल मुलगी असेल तर पुढची मुलगी होण्याची शक्यता (नेमकं बोलायचं तर ऑड्स) ३८ टक्क्यांनी कमी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. कारण 'जनजागृती' नावाचं आपलं सगळं दुकान या समजुतीवर चालतं की लोकांना माहिती दिली की लोक सुधारतात, पोस्टर लावा, पथनाट्य करा, मेडिकलच्या पोरांना शपथ द्या. आणि इथे तर ज्यांना एक्स-वाय गुणसूत्रं, भ्रूणाची वाढ सगळं अभ्यासाला होतं त्यांच्याच घरात नाणं वाकडं पडतंय. त्यामुळे "ट्रेनी डॉक्टरांमध्ये जाणीव किती" हा प्रश्न फक्त प्रश्नावलीतल्या बरोबर उत्तरांचा नाहीये. १० पैकी १० घेणारा घरी वेगळं वागू शकतो.

आता परत एफ फॉर्मकडे. हा कायदा एवढा कागदांवर का उभा आहे ते समजलं की फॉर्मचा राग जरा कमी होतो. चोरी झाली की ज्याचं गेलं तो बोंब मारतो. लिंगनिदानात बोंब मारायला कुणीच नसतं. डॉक्टर खूश, नवरा खूश, सासू खूश, बाई बोलू शकत नाही. मागे काही राहत पण नाही, "अभिनंदन, पेढे वाटा" म्हटलं की झालं, आणि मुलगी असली तर बर्फी म्हणायचं. कायद्यात शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कुठल्याही प्रकारे सांगायचं नाही असं लिहिलंय पण पेढ्याचा पुरावा कोर्टात कसा देणार? म्हणून प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म. कशासाठी केली (वीसपेक्षा जास्त कारणांची यादीच दिलेली आहे), किती आठवडे, कुणी पाठवलं, आणि आधीची मुलं, मुलगे किती, मुली किती. जिल्ह्याचे हजारो फॉर्म एकत्र केले, फक्त मुलीच असलेल्या बायका वेगळ्या काढल्या, त्या कुठल्या सेंटरला जास्त जातात, ठरावीक आठवड्यांत जातात का, पुढे त्यांच्या बाळंतपणाची नोंद सापडते का, हे जुळवलं की नाण्याची आठवण कागदावर दिसायला लागते. त्या रकान्याचं काम हे आहे. आणि तोच आम्ही मावशींच्या ओरडण्यात कोरा सोडत होतो.

कोल्हापुरात २००९-१० च्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांनी एफ फॉर्म ऑनलाइन भरायला लावले आणि सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचा, मशीनवरच्या तपासण्या नोंदवून ठेवणारा डबा बसवायला लावला, रेडिओलॉजिस्टांची संघटना हायकोर्टात गेली, २०११ मध्ये मुंबई हायकोर्टानं जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. त्या जिल्ह्याचा आकडा २००१ ला ८३९ होता तो २०११ ला ८६३ झाला, पण याचं सगळं श्रेय त्या डब्याला देऊ नका, ० ते ६ मधली बरीच मुलं डबा यायच्या आधीच जन्मली होती.

डॉक्टरांची तक्रार अशी की एक रकाना राहिला तर मशीन सील, केस, ही कारकुनी चूक आहे, आम्ही काय गुन्हेगार आहोत का. कायदा म्हणतो, नोंदीत त्रुटी म्हणजे लिंगनिदानाच्या कलमाचाच भंग धरला जाईल, तसं नाही हे डॉक्टरनं दाखवायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना, फॉग्सी, हे बदला म्हणून सुप्रीम कोर्टात गेली आणि मे २०१९ मध्ये कोर्टानं नाही म्हणून सांगितलं. माझं मत विचाराल तर त्रास खरा आहे, छोट्या गावात प्रामाणिक माणसाला एका सहीसाठी हेलपाटे घालायला लावणारे अधिकारी पण मी बघितलेत, पण दुसरा मार्ग मला सुचत नाही. फक्त एक, मग ते फॉर्म आदल्या दिवशी आलेल्या इंटर्नकडून, काहीही न शिकवता, का भरून घेता? फॉर्मखाली दोन जाहीरनामे असतात, बाईचा की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही आणि डॉक्टरचा की मी ते बघितलं नाही नि कुणाला सांगितलं नाही. बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. आमच्याकडे "इथे अंगठा" एवढंच.

शिक्षेचंही जरा नीट. पहिल्या गुन्ह्याला डॉक्टरला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५ वर्षं नि ५० हजार. जास्त लागणारी गोष्ट म्हणजे रजिस्ट्रेशन, कोर्टानं आरोप ठेवले की मेडिकल कौन्सिल ते निलंबित करू शकते, दोषी ठरला की ५ वर्षं नाव काढलं जातं आणि दुसऱ्यांदा कायमचं. करून मागणाऱ्या नवऱ्याला नि सासरच्यांना पण शिक्षा आहे. गरोदर बाईबद्दल मात्र कायदा असं धरून चालतो की तिच्यावर घरच्यांनी जबरदस्ती केली, तसं नव्हतं हे कुणी सिद्ध केलं तरच वेगळं. हे कलम इंटर्नला माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण वॉर्डात बाईलाच "लाज नाही वाटत का" म्हणून झापणारे सिनियर असतात. तक्रार द्यायची ती 'समुचित प्राधिकारी' म्हणजे जिल्ह्यात सिव्हिल सर्जन, महापालिकेत आरोग्य अधिकारी. गुन्हा दखलपात्र नि अजामीनपात्र, तरी कोर्टात केस मुख्यतः या प्राधिकाऱ्यांच्या तक्रारीवर उभी राहते.

या कायद्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी गर्भजल तपासणीच्या दुकानांविरुद्ध मोहीम काढली आणि १९८८ मध्ये राज्याचा कायदा झाला, देशातला पहिला. देशाचा १९९४ चा, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला, नि अंमलबजावणी शून्य. मग २००० मध्ये सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा हालचाल झाली, २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. आणि तरीही २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातलं परळी झालं, जिथे बेकायदा गर्भपातात एक बाई दगावली, आणि २०१७ मध्ये सांगलीजवळचं म्हैसाळ झालं, जिथे ओढ्याकाठी पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले. पहिला कायदा करणारं राज्य!

आता ज्या प्रश्नावर इंटर्न गडबडतात तो. गर्भपात गुन्हा आहे का? कायद्याच्या चौकटीत केला तर नाही. लिंगनिदान हा गुन्हा, गर्भपात हा वेगळा विषय, त्याचा कायदा १९७१ चा, एमटीपी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतो, गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड त्याहून पुढेही परवानगी देऊ शकतं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २४ आठवड्यांच्या सवलतीत अविवाहित बाईलाही वगळायचं नाही. पण झालंय काय, "स्त्रीभ्रूणहत्या" हा शब्द आपण इतकी वर्षं भिंतींवर रंगवला की पोरांच्या डोक्यात गर्भपात म्हणजेच हत्या असं बसलंय. त्यामुळे या विषयात काम करणारे बरेच जण तो शब्द टाळतात, गर्भलिंगनिवड म्हणतात. मी पण टाळतो.

एक बाई आठवते, दोन मुली, धाकटी दहा महिन्यांची, दूध पाजत असतानाच दिवस गेलेले, आठ आठवडे. तिला मूल नको होतं एवढंच. आठ आठवड्यांना सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसायचा प्रश्नच नाही. पण दोन मुली हे वाचल्याबरोबर ड्युटीवरचा डॉक्टर म्हणाला "नको रे बाबा, लफडं नको, दुसरीकडे पाठव". तोच रकाना. चोर पकडायला केलेला, आणि तिथे त्यानं तिला बाहेर काढलं. ती पुढे कुठे गेली माहीत नाही. अशा बायका कुठे जातात ते म्हैसाळला कळलंच होतं, तो दवाखाना चालवणारा होमिओपॅथ होता. मी तेव्हा टेबलावर बसून होतो नि काही बोललो नाही, मला हे दोन कायदे वेगळे आहेत हे सांगता आलं असतं पण मला स्वतःलाच ते तेव्हा नीट सांगता येत नव्हतं.

आणि शेवटी तो फोन, जो प्रत्येक मेडिकलच्या पोराला एकदा येतोच. मला इंटर्नशिप संपत आली तेव्हा आत्याचा आला. आधी जेवलास का, बारीक झालास, मग "अरे सोन्या, आमच्या सूनबाईला परत दिवस गेलेत. पहिली छकुली आहेच. तू एवढा डॉक्टर झालास, तुझ्या ओळखीचं कुणी असेल ना, नुसतं बघायचंय". मी म्हटलं, "आत्या, नाही गं, हे चालत नाही." ती म्हणाली, "अगं बाई, आम्ही कुठे काय करणार आहोत, नुसतं बघायचंय म्हटलं ना." मी कायदा सांगितला, ३ वर्षं, १० हजार, व्हायवासारखा धडाधडा. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "लोकाचं करतोस, घरचं करत नाहीस." सहा महिने बोलली नाही. वहिनीला मी फोन केला नाही, तिला काय हवंय हे विचारायचं मला सुचलं पण नाही.

दीड वर्षानं त्यांच्याकडून पेढे आले. मध्ये काय झालं, की काहीच नाही झालं, ते मी विचारलं नाही. आणि एका घरावरून काही म्हणता येत नाही हे वर मीच लिहिलंय.